चर्चा: दूध-तूप सोडलं की बीपी-शुगर उतरते का? इंदूरकरांनो, बोला

टिळकनगरी:
आमच्या कॉलनीत सध्या हाच विषय चाललाय. सकाळी फिरायला येणाऱ्यांपैकी दोघांनी दूध, दही, तूप, पनीर सगळं बंद केलंय. मांस-अंडी त्यांच्या घरात कधी नव्हतीच. आहार पूर्ण वनस्पतिजन्य केला की बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल तिन्ही खाली येतात, असं त्यांचं म्हणणं. बाकीचे त्यांची टर उडवतात. मी त्या दोघांच्या बाजूचा आहे. का ते सांगतो, मग झोडा.

हे नुसतं व्हॉट्सअ‍ॅपचं ज्ञान नाही. २००६ साली अमेरिकेत नील बर्नार्ड आणि सहकाऱ्यांनी टाइप-२ मधुमेहाच्या ९९ जणांवर २२ आठवडे प्रयोग केला. निम्म्यांना कमी तेलाचा व्हीगन, म्हणजे दूधही नसलेला पूर्ण वनस्पतिजन्य आहार, निम्म्यांना तिथल्या मधुमेह संघटनेचा नेहमीचा. तीन महिन्यांची साखर (एचबीए१सी) व्हीगन गटात ०.९६ टक्के-अंकांनी उतरली, दुसऱ्यात ०.५६नं. त्याआधी २००३ मध्ये टोरंटोच्या डेव्हिड जेन्किन्स यांनी कोलेस्टेरॉलवाल्यांना ओट्स, जव, इसबगोल, सोया, बदाम, भेंडी, वांगी आणि वनस्पती-स्टेरॉल घातलेलं मार्जरिन असा आहार दिला. चार आठवड्यांत वाईट कोलेस्टेरॉल जवळपास २९ टक्के कमी. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी दिलेल्या गटात ३१ टक्के. भेंडी-वांगं आपल्याकडे कोणाला मिळत नाही?

सराफ्याचा_भक्त:
क्यों भिया, मग इंदूर तर जगातलं सगळ्यात निरोगी शहर असायला हवं! सकाळी पोहे-जिलेबी, त्यावर मूठभर शेव आणि जीरावण मसाला. दुपारी कचोरी. थंडीत रात्री सराफ्याच्या खाऊबाजारात तळलेला गराडू कंद. यात प्राण्याचं काय आहे? काही नाही, सगळं झाडाचंच. आणि आपल्या कॉलनीत मेडिकलच्या दुकानासमोर रांग कशाची असते ते तुम्हीही बघता. २०२३ मध्ये आयसीएमआर-इंडिएब या देशभरच्या मधुमेह पाहणीचा अहवाल आला, त्यात देशात १० कोटी १० लाख मधुमेही आणि प्रौढांपैकी ३५.५ टक्क्यांना उच्च रक्तदाब. शुद्ध शाकाहारी घरं त्यातून सुटलेली मला तरी दिसत नाहीत.

आणि बर्नार्डचा आकडा अर्धाच सांगितलात. सगळे ९९ धरले तर तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला टिकत नव्हता. ज्यांची औषधं बदलली नाहीत त्यांच्यात टिकला, १.२३ विरुद्ध ०.३८. शिवाय व्हीगन गटाचं वजन साडेसहा किलो उतरलं, दुसऱ्याचं तीनच्या आसपास. साखर दूध सोडल्यानं उतरली की वजनानं?

टिळकनगरी:
वजन उतरलं तेही त्या आहारामुळेच ना? मोजून खायला कोणी सांगितलं नव्हतं, पोटभर खाऊन उतरलं. चोथा जास्त, तेल कमी, पोट लवकर भरतं. कारण वजन असो की आणखी काही, माणसाला फायदा झाला. आणि जिलेबीला माझ्या पक्षात ढकलू नका, ती मी कधी मागितली नाही.

आहार_सल्लागार_ताई:
भक्तांचा मुद्दा चेष्टेत गेला, पण तो मोजला गेलेला आहे. २०१७ मध्ये हार्वर्डच्या गटानं अमेरिकेतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांच्या दीर्घकाळच्या नोंदी तपासल्या. त्यात वनस्पतिजन्य आहाराचे दोन भाग केले. अख्खी धान्यं, डाळी, भाज्या, फळं, सुकामेवा एकीकडे. मैदा, साखर, गोड पेयं, बटाटा दुसरीकडे. पहिला प्रकार सगळ्यात जास्त खाणाऱ्यांत हृदयविकाराचा धोका २५ टक्के कमी, दुसरा सगळ्यात जास्त खाणाऱ्यांत ३२ टक्के जास्त. दोन्ही 'झाडाचंच'.

माझ्याकडे येणाऱ्यांची डायरी उघडली की पहिल्या पानावर दूध क्वचितच गुन्हेगार दिसतं. दिसते ती शेव. पोह्यावर शेव, वरणावर शेव, भाजी नसली तर शेवेचीच भाजी. तेल, मीठ आणि बेसन. त्यात पापड-लोणचं मिळवा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, ते आपल्याकडे न्याहारी-जेवणातच संपतं.

बीपीचं तर उलटच. १९९७ चा अमेरिकेतला डॅश नावाचा आहार-प्रयोग बघा: भाज्या, फळं आणि कमी स्निग्धांशाचं दूध-दही. ज्यांना आधीच उच्च रक्तदाब होता त्यांचा वरचा आकडा सरासरी ११ नं खाली आला, नेहमीचं अमेरिकन जेवण जेवणाऱ्यांच्या तुलनेत. त्यात दूध होतं. नुसती फळं-भाज्या वाढवलेल्या गटापेक्षा हा गट पुढे होता.

मासळीप्रेमी_पलासिया:
आमचं मूळ कोकणात, तीन पिढ्या इंदुरात. इथे ताजे मासे मिळवायला काय खटाटोप करावा लागतो ते आम्हाला विचारा, आणि वर शेजाऱ्यांच्या नजरा. आता विज्ञानाच्या नावानंही तेच! ऑक्सफर्डच्या एपिक या आहार-आरोग्याच्या दीर्घ अभ्यासाचा २०१९ चा निष्कर्ष कोणी काढत नाही. शाकाहाऱ्यांत हृदयविकार २२ टक्के कमी, मान्य. पण पक्षाघात २० टक्के जास्त. आणि नुसते मासे खाणाऱ्यांत हृदयविकार तर कमी होताच, पक्षाघात काही लक्षणीय जास्त नव्हता.

टिळकनगरी:
ते इंग्लंडचे लोक, आणि तो निरीक्षणाचा अभ्यास, प्रयोग नव्हे. आकडा हजारात मोजला तर दहा वर्षांत हजारामागे हृदयविकाराचे दहा कमी, पक्षाघाताचे तीन जास्त. सौदा मला मान्य आहे.

मासळीप्रेमी_पलासिया:
हार्वर्डवालाही निरीक्षणाचाच होता. तेव्हा तुम्ही गप्प होतात!

रामबागची_वहिनी:
सगळे पुरुष आकडे फेकताय. मटकी भिजवायची कोणी, मोड आणायचे कोणी, यांच्यासाठी बिनतुपाची पोळी आणि सासऱ्यांसाठी तुपाची, दोन तवे सांभाळायचे कोणी? आमच्याकडे 'पूर्ण वनस्पती'चा उत्साह होता तेव्हा यांनी फक्त दूध सोडलं. त्याच्या जागी काय खायचं ते मी ठरवायचं. जमेल तसं सोयाच्या वड्या, भुईमूग, राजमा घातला. ज्या दिवशी नाही घातला त्या दिवशी ताटात पोळी आणि बटाट्याची भाजी, बस.

आणि बायकांचं कोणी बोललंच नाही. एनएफएचएस-५ या सरकारी कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय. भाज्या-डाळींतलं लोह शरीरात कमी शोषलं जातं, आणि आम्ही जेवण झालं की लगेच चहा टाकतो. चहा ते शोषण आणखी कमी करतो. लिंबू मात्र वाढवतं. पोह्यावर लिंबू पिळणारे इंदूरकर तेवढं एक बरोबर करतात.

जुना_गाठीदार:
माझा प्रश्न वेगळा. पायाच्या अंगठ्याला गाऊट आहे, सांधा सुजून ठणकतो. सगळे म्हणतात रक्तात युरिक अ‍ॅसिड वाढलंय, डाळ बंद कर, टमाटे बंद, पालक बंद. मग शाकाहारी माणसानं खायचं काय?

आहार_सल्लागार_ताई:
डाळ खा, काका. २००४ मध्ये सत्तेचाळीस हजारांवर पुरुषांचा बारा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. मांस आणि मासळीनं गाऊट वाढला. प्युरीन (ज्यापासून युरिक अ‍ॅसिड बनतं) जास्त असलेल्या डाळी-भाज्यांनी वाढला नाही. आणि कमी स्निग्धांशाचं दूध घेणाऱ्यांत तो कमी आढळला. बिअर मात्र सोडा.

सराफ्याचा_भक्त:
म्हणजे दूध परत जिंकलं. टिळकनगरी, आता काय म्हणता?

टिळकनगरी:
म्हणतो तेच. दूध विष आहे असं मी म्हटलं नव्हतं. पण ज्याचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढलंय त्यानं तुपाची धार आणि मलईचं दही चालू ठेवून पालकाचा रस प्यायला, तर रिपोर्ट हलणार नाही. तुपात अर्ध्याहून जास्त संपृक्त स्निग्धांश आहे, एलडीएल वाढवणारा. निम्मं सोडण्यात लोक स्वतःला फसवतात, म्हणून पूर्ण सोडणं सोपं. त्या दोघांनी निदान काहीतरी ठरवून केलंय.

आहार_सल्लागार_ताई:
ठरवून केलंय तर दोन गोष्टी त्यांना नक्की सांगा. बी-१२ वनस्पतींत नाही, ते जिवाणू बनवतात. शाकाहारी माणसाला ते थोडंफार दूध-दह्यातून मिळतं, ते बंद केलं की गोळी हवीच. त्यातून मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर ती बी-१२ चं शोषण आणखी घटवते. पायांना मुंग्या आल्या की लोक शुगरमुळे म्हणतात, आणि बी-१२ राहून जातं.

दुसरं, साखर उतरवणारी ग्लिमेपिराइड गोळी घेणाऱ्यानं अचानक पोळी-भात कमी करून डाळ-भाजी वाढवली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. गोळीला कळत नाही की तुम्ही आहार बदललाय. आणि किडनी कमकुवत असून बीपीची टेल्मिसार्टन गोळी चालू असेल, तर रोज नारळपाणी, टमाट्याचं सूप, केळी यांनी रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. डॉक्टरांना आधी सांगा, मग ताट बदला.

नातवंडांची_आजी:
मी ७८ वर्षांची. वजन आपोआप उतरतंय. मुलगा म्हणतो, आई, ताकही बंद कर, सगळे करतायत. करू का?

आहार_सल्लागार_ताई:
नको, आजी. ताक-दही चालू ठेवा, वर वाटीभर घट्ट वरण आणि थोडे शेंगदाणे, चावत नसतील तर कूट. या वयात स्नायू झपाट्यानं उतरतात. वजन आपोआप घटतंय, ते का, हे डॉक्टरांना याच आठवड्यात दाखवा. मुलाचं कोलेस्टेरॉल वाढलं असेल तर त्यानं खुशाल स्वतःचं तूप बंद करावं.

टिळकनगरी:
हे मलाही मान्य. आजी, मुलाला हा धागा वाचायला द्या.