मदत हवी आहे : हिमालयन ४५० वर दिवे आणि सामान कसं बसवावं?

नमस्कार मंडळी. नवी रॉयल एनफील्ड हिमालयन ४५० मोटरसायकल आहे, ट्यूबवाली स्पोक चाकं. पावसाळा संपला की पुणे–आंबोली–गोवा, दोघं आणि सामान. इंजिन गार्ड आणि बॅश प्लेट (इंजिनाखालचं संरक्षक कवच) घेणारच, त्यावर चर्चा नको.

खरी अडचण जादा दिव्यांची. ४० वॅटचे दोन दिवे म्हणजे १२ व्होल्टवर जवळपास ७ अँपिअर. म्हणून बॅटरीजवळच १० अँपिअरचा फ्यूज, मग रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), आणि रिलेला चालू करणारा ट्रिगर चावीवर चालणाऱ्या वायरीवरून, म्हणजे गाडी बंद केल्यावर बॅटरी उतरणार नाही. मूळ वायर सोलून जोड द्यायचा नाही. तिथे पाणी शिरतं, तांबं काळं पडतं आणि फॉल्ट शोधता शोधता जीव जातो. या गाडीत ट्रिगर घ्यायला कोणता कपलर (वायरी जोडणारा प्लग) सोयीचा? तयार हार्नेस (जोडलेल्या वायरींचा संच) कोणी लावलाय का? धुक्यात पांढरा झोत डोळ्यांवरच परत येतो, त्यामुळे पिवळे दिवे खाली, गार्डवर लावावेत असं माझं मत.

टॉप बॉक्स टाळतोय. वजन मागच्या एक्सलच्याही मागे गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात हँडल वळवळतं. सॅडल बॅग घेतली तर उजवीकडे सायलेन्सरपासून किती अंतर उरतं? बॅग सायलेन्सरपासून दूर धरणारा स्टे लावूनही ती वितळल्याचा कोणाचा अनुभव?

आणि सुटी ट्यूब फक्त पुढच्या चाकाची, २१ इंची ठेवली तर मागच्या १७ इंची चाकात पुढच्या गावापर्यंत निभावते का?