टेरीकोट की टेरिकॉट?

प्रश्न: चाळीसगावच्या घरी ट्रंक आवरताना वडिलांचा सत्तरच्या दशकातला शर्ट निघाला. मोठ्या टोकदार कॉलरचा, फिकट निळा. आई म्हणाली, "टेरीकोटचा आहे, जपून ठेव." गावात सगळेच टेरीकोट म्हणायचे. पण शर्टाला कोट कसा?

उत्तर: यात कोट नाही, कॉटन आहे. टेरिलीन आणि कॉटन हे दोन शब्द जोडून टेरिकॉट झाला. टेरिलीन हा पॉलिएस्टरचा धागा 1941 मध्ये इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी शोधला. नुसत्या टेरिलीनच्या शर्टात जीव घुसमटायचा, म्हणून त्यात सूत मिसळलं. दोन वाटे टेरिलीन, एक वाटा कापूस, हे प्रमाण फार चाललं.

मला या शब्दाचं मोल वाटतं ते आपल्या मुलखामुळे. आपण कापूस पिकवणारे. तेव्हा अमळनेरला प्रताप मिल होती, जळगावला खानदेश मिल. तरी शब्दातला कापूस आपल्याला ओळखू आला नाही, कारण कापडाला आपण कधी कॉटन म्हटलंच नव्हतं. ते सुती, नाहीतर मांजरपाट. कोट मात्र लग्नातल्या नवरदेवाच्या अंगावर पाहिलेला होता. ओळखीचा तोच, म्हणून तोच ऐकू आला. माझ्या मते बोलताना टेरीकोट चूक धरू नये. लिहिताना टेरिकॉट लिहावं.

लोक भाळले ते इस्त्रीवर. सुती सदऱ्याला खळ घाला, इस्त्री करा, दुपारपर्यंत चुरगळलाच. टेरिकॉट रात्री धुऊन दोरीवर टाकला की सकाळी अंगात. उन्हाळ्यात मात्र हाल. माझी आजी अहिराणीत सांगायची, "हाई कापड घाम पेत नही." अगदी खरं. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषतच नाही.

आणखी एक: त्याच काळातला 'मोहरी' शब्दही नोंदवून ठेवा. फोडणीतली नव्हे, पॅन्टच्या पायाचा खालचा घेर. बेलबॉटम शिवायला टाकताना शिंपीदादा आधी विचारायचे, "मोहरी किती ठेवू?" आमच्या धुळ्याच्या आळीत चोवीस इंच सांगणाऱ्याकडे सगळे वळून पाहत. बेलबॉटम गेली, पण शिंप्याच्या टेपेवर मोहरी अजून आहे.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. जुने कापडवाले धागा जाळून कापड ओळखायचे, हे आठवलं. काल शर्टाच्या खालच्या दुमडीतला एक धागा ओढून काडी लावली. आधी कागद जळल्यासारखा वास आला, मग टोकाला काळा, कडक मणी उरला. दोन्ही सापडले: वासात कापूस, मण्यात टेरिलीन. आईला मणी दाखवला. तिनं तो चिमटीत दाबून पाहिला आणि म्हणाली, "इस्त्री जास्त तापली की तुझ्या बाबांच्या कॉलरला हेच व्हायचं."