शक्शुका: बलक दगड होतो आणि पांढरे कच्चे राहते, असे का?

कांदेनवमी (पुणे)

नमस्कार. ट्युनिशिया आणि आसपासच्या प्रदेशातून निघून इस्राएलमध्ये घरोघरी रुळलेली शक्शुका, म्हणजे टोमॅटो आणि ढोबळी मिरचीच्या मसालेदार रश्श्यात अंडी फोडून ती तिथेच शिजवण्याचा प्रकार, मी गेल्या महिन्यात तीन वेळा करून पाहिला आणि तिन्ही वेळा एकाच ठिकाणी फसले. एक मोठा कांदा, दोन ढोबळ्या मिरच्या आणि सहा-सात टोमॅटो पंधरा मिनिटे शिजवले, वर चार अंडी फोडून घातली आणि झाकण ठेवले. दहा मिनिटांनी पाहते तर बलक लाडवासारखा घट्ट, त्याच्याभोवतीचे पांढरे वरून अजून पारदर्शक आणि बुळबुळीत, आणि कडेने पाणी सुटलेले. ‘टोमॅटोच्या सारात अंडे पडले आहे’ असा शेरा घरातून आला आणि तो अन्यायाचा होता असे मला म्हणता येत नाही. भांडे बिडाचे होते आणि रश्श्याला किंचित लोखंडी चवही लागली. शिवाय पाककृतीत सांगितलेली पाप्रिका (कमी तिखट लाल मिरचीची पूड) माझ्याकडे नव्हती म्हणून मी लाल तिखट आणि थोडा गरम मसाला घातला. नेमके कुठे चुकते आहे, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

अश्दोदकर

आपली चूक अंड्यांत नाही, त्याआधीच्या पंधरा मिनिटांत आहे. आमचे शहर, इस्राएलमधले अश्दोद, १९५६ साली वसले. इथे मोरोक्कोहून आलेली कुटुंबे आणि कोकणातून आलेली आमच्यासारखी बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंबे शेजारी शेजारी राहत आली आहेत. त्यामुळे शक्शुका मी पुस्तकातून शिकलो नाही, भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरातून शिकलो. त्या शेजारीणबाई रस्सा किती वेळ शिजवायचा हे घड्याळावर कधीच ठरवत नसत. डाव तळाशी टेकवून ओढला की मागे वाट उघडी राहिली पाहिजे आणि ती लगेच भरून येता कामा नये, अशी त्यांची खूण होती. सहा-सात टोमॅटोंना त्यासाठी मध्यम आचेवर पंचवीस ते तीस मिनिटे सहज लागतात. आपल्याकडे भाजीला तेल सुटेपर्यंत थांबतात, तसेच इथेही थांबायचे. ढोबळी मिरची मात्र टोमॅटोच्या आधी, कांद्याबरोबरच, कडा तांबूस होऊन ती पूर्ण मऊ पडेपर्यंत परतावी, कारण अर्धी कच्ची मिरची मागाहून पाणी सोडत राहते.

आता अंड्यांकडे येऊ. पांढरे साधारण ६२ अंश सेल्सियसला दाटू लागते, पण त्यातील निम्म्याहून अधिक प्रथिन ८० अंशांच्या आसपास पोहोचल्याशिवाय नीट घट्ट होत नाही. बलक मात्र ६५ ते ७० अंशांतच आळतो. म्हणजे पांढऱ्याला उष्णता जास्त हवी आणि बलकाला कमी, आणि दोघे एकाच भांड्यात. यावर उपाय असा की पांढऱ्याला आधी उष्णता मिळेल अशी व्यवस्था करावी. भातावर वरण घेण्यासाठी आपण आळे करतो, तसे रश्श्यात डावाच्या पाठीने आळे करावे, अंडे त्यात अलगद सोडावे आणि काट्याच्या टोकाने, बलकाला धक्का न लावता, पांढरे आजूबाजूच्या गरम रश्श्यात थोडे पसरवावे. पांढऱ्याचा थर पातळ झाला की तो लवकर शिजतो आणि बलक वर मोकळा राहतो. आच अगदी मंद ठेवावी. पाच-सहा मिनिटांनी पांढरे जवळजवळ घट्ट झाल्यासारखे दिसले, पण बलकालगत जरा थरथरले, की गॅस बंद करून झाकण दोन मिनिटे तसेच राहू द्यावे. उरलेले काम भांड्यातील उष्णता करते.

अंडे थेट भांड्यात फोडू नये, आधी काचेच्या वाटीत फोडावे. आमच्याकडे त्यात रक्ताचा ठिपका नाही ना हे पाहण्यासाठी ही रीत पाळतात, कारण तसे अंडे धर्माने निषिद्ध आहे. पण स्वयंपाकाच्या दृष्टीनेही ती उपयोगाची आहे: शिळ्या अंड्याचे पाण्यासारखे पांढरे वाटीतच दिसते आणि गाळणीने ते काढून टाकता येते.

गरम मसाला कृपया काढून टाका. दालचिनी-लवंगेने शक्शुकेची उसळ होते. जिरे, लसूण, थोडे धणे आणि लाल मिरची एवढे पुरे आहे. ट्युनिशियात हरिसा वापरतात. वाळलेल्या लाल मिरच्यांच्या या वाटणाची परंपरा २०२२ साली युनेस्कोच्या वारसा यादीतही गेली. त्यात लसूण, धणे आणि कॅरवे असते. कॅरवे आपल्या शहाजिऱ्याच्या चुलत भावासारखे असते, पण तेच नव्हे.

टिळक पुलाखालचा

पाप्रिकेची अडचण सोपी आहे. ब्याडगी मिरची रंगाला भरपूर आणि तिखटाला बेताची असते. बिया काढून, कोमट पाण्यात भिजवून, लसणाबरोबर वाटली तर हरिसाचे कामही बऱ्यापैकी भागते. धुराची चव हवी असेल तर ढोबळी मिरची वांग्यासारखी थेट आचेवर भाजून, साल काढून घालावी.

लोखंडी चवीचे कारण टोमॅटोचा आंबटपणा आहे. नव्या किंवा तेलाचा थर नीट न बसलेल्या बिडाच्या भांड्यात आम्ल अर्धा तास उकळले तर लोखंड उतरतेच. स्टीलची जाड बुडाची पसरट कढई घ्यावी. ती २५ सेंटिमीटर व्यासाची असली की चार अंडी एकमेकांना चिकटत नाहीत.

ग्रँट रोडकर

अश्दोदकरांशी सहमत आहे, पण झाकणाबद्दल मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. मुंबईच्या पारशी घरांत ‘टामेटा पर ईडू’ नावाचा पदार्थ असतो. कांदा, हिरवी मिरची, आले-लसूण आणि टोमॅटो शिजवून आटवतात, वर थोडा व्हिनेगर आणि साखर, मग अंडी फोडून झाकण. तो शक्शुकेचा वंशज नाही, पण अडचण तीच आहे. आमच्या एका पारशी शेजाऱ्यांकडे झाकणाऐवजी पाणी घातलेली खोलगट ताटली ठेवत. पाण्यामुळे ताटली जास्त तापत नाही, वाफ आतल्या बाजूला थंड होऊन परत खाली पडते आणि अंड्यांचा वरचा भाग कोरडा न पडता शिजतो. फक्त त्यामुळे बलकावर पांढुरके पापुद्र्यासारखे आवरण येते. पिवळाधमक बलक हवा असेल तर झाकण शेवटची दोन-तीन मिनिटेच ठेवावे. घरात गर्भवती किंवा लहान मूल असेल तर मात्र ही सगळी चर्चा बाजूला ठेवून बलक पूर्ण शिजवावा.

कांदेनवमी (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. काल स्टीलच्या कढईत करून पाहिले. डावाची वाट उघडी राहायला पस्तीस मिनिटे लागली आणि तेवढ्यात रस्सा सुरुवातीच्या जेमतेम निम्मा उरला. आधी मला तो कमी वाटला, पण पावाने टिपून खाताना योग्यच वाटला. चारपैकी तीन बलक वाहते राहिले. चौथे अंडे बर्नरच्या बरोबर मध्यावर होते, ते थोडे जास्त शिजले. पुढच्या वेळी मध्यभाग रिकामा ठेवून अंडी कडेने लावीन. शेरा देणाऱ्या गृहस्थांनी या वेळी काही न बोलता तिसरा पाव घेतला.