भाचीची दर महिन्याला चार दिवस शाळा बुडतेय, काय करू?

तापीकाठ: चोपडा तालुक्यातून लिहितेय. भावाची मुलगी आठवीला आहे, शाळा दुसऱ्या गावाला, एसटीचा पास फुकट आहे त्यामुळे जाण्यायेण्याचा प्रश्न नाही. पण दिवाळीत पाळी सुरू झाली तेव्हापासून दर महिन्याला चार दिवस घरी. मला वाटलं आमची आई शिवू देत नाही त्याचाच हा प्रकार, पण जवळ घेऊन विचारलं तर म्हणे आत्या, मुलींच्या संडासाला कुलूप असतं, चावी ऑफिसात सरांच्या खुर्चीमागे खिळ्याला, मागायला गेलं की पोरं बघतात. सकाळी नऊचा पॅड संध्याकाळी पाचला घरी येऊन बदलायचा. एकदा डाग पडला तर ओढणी कमरेला बांधून स्टँडवर उभी होती बिचारी. आता त्या दिवसांत वहिनीसोबत कापूस वेचायला जाते. दहावीच्या आधीच शाळा सुटेल अशी भीती वाटतेय मला.

शिरपूरची बाई: ताई, शाळा झेडपीची किंवा अनुदानित असेल तर वहिनींना घेऊन शाळा व्यवस्थापन समितीकडे जा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे (आरटीई २००९) समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका लागतात, आणि मुलींचं संडास वेगळं पाहिजे हेही त्याच कायद्यात आहे. कुलूप लावलेलं संडास काय कामाचं? आमच्याकडे चावी आता मुलींकडेच असते, आत पाण्याचा ड्रम, झाकणाची बादली आणि रद्दी पेपर. एवढ्यावर मुली यायला लागल्या.

आशाताई, यावल: पॅड चार ते सहा तासांनी बदललाच पाहिजे, दिवसभर एकच ठेवला तर खाज, इन्फेक्शन होतं. जनऔषधी दुकानात एक रुपयाला एक मिळतो. कापड वापरत असेल तरी चालेल, पण साबणाने धुवून उन्हात वाळवा, दाराआड दुसऱ्या कपड्याखाली नको. आणि शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी देतात ती बुडवू नका. रक्त सात दिवसांच्या वर गेलं किंवा तासा-दोन तासाला पॅड भिजायला लागला तर थेट प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसी) आणा.

तापीकाठ: वहिनीला हे सगळं वाचून दाखवलं, गप्प बसली, मग म्हणाली मीपण सातवीत याच्यापायीच शाळा सोडली होती. सोमवारी आम्ही दोघी शाळेत जातोय. बाई, त्या बादलीतलं पुढे कुठे टाकता?

शिरपूरची बाई: पेपरात गुंडाळून बादलीत, आणि मावशी रोज घंटागाडीत देतात. तुमच्या गावात गाडी येत नसेल तर ग्रामपंचायतीला सोय विचारा. संडासात मात्र टाकू देऊ नका, तुंबलं की परत कुलूप लावतील.