लांब पल्ल्यावर जड छर्राच हवा? मला हे पटत नाही

स्थिरश्वास (धागाकर्ता)

पन्नास मीटरवर एअर रायफल चालवायची तर जड छर्रा घ्या, हा सल्ला वर्षभरात मला इतक्या जणांनी दिला की शेवटी मी स्वतः आकडेमोड करायला बसलो.

४.५ मिमीचे दोन छर्रे घेतले, ८.४४ ग्रेन आणि १०.३४ ग्रेन (ग्रेन म्हणजे छर्‍याच्या वजनाचं एकक, सुमारे ०.०६५ ग्रॅम). दोन्ही गोल डोक्याचे. रायफल एकच, ऊर्जा साधारण १६ ज्यूल. हलका छर्रा नळीतून सेकंदाला २४४ मीटर वेगाने सुटतो, जड २२० मीटरने. हवा कापण्याची क्षमता (बॅलिस्टिक कोएफिशंट, आकडा मोठा तितका वेग कमी उतरतो) हलक्याची ०.०२१ आणि जडाची ०.०२४ धरली. आडवा वारा सेकंदाला ३ मीटर. पन्नास मीटरवर हलका छर्रा वार्‍याने ११.२ सेंटीमीटर बाजूला वाहतो, जड १०.७.

म्हणजे फरक अर्ध्या सेंटीमीटरचा! त्यासाठी मोजायची किंमत बघा: हलका २६ सेंटीमीटरच्या आसपास खाली येतो, तर जड ३१ च्या. अंतराचा अंदाज चुकला की जड छर्रा जास्त शिक्षा करतो. जड छर्रा वेग टिकवून ठेवतो हे खरंच आहे, पण तो मुळात हळू सुटतो हे सल्ला देताना कुणी सांगत नाही. माझं ठाम मत आहे की ऊर्जा तीच असेल तर वजनावरून एवढा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

वारा_वाचणारा

असहमत. गणित बरोबर आहे, पण प्रश्नच अर्धा मांडलाय. ऊर्जा १६ ज्यूलवर तुम्ही बांधून ठेवलीत. पीसीपीमध्ये (टाकीत आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी रायफल) जड छर्रा नळीत जास्त वेळ राहतो, मागची हवा त्याला जास्त वेळ ढकलते, म्हणून तीच रायफल जड छर्‍याला बहुतेक वेळा जास्त ऊर्जा देते. जड छर्रा २४४ वर चालवून बघा. त्याला सुमारे २० ज्यूल लागतील आणि वाहणं ९.६ सेंटीमीटरवर येईल.

ऊर्जा ३० ज्यूलवर नेलीत तर ८.४४ ग्रेनचा छर्रा ३३० च्या घरात जाईल, म्हणजे जवळजवळ ध्वनीच्या वेगाला. कंबर आवळलेला, मागे पोकळ स्कर्ट (घेरासारखी पातळ कड) असलेला छर्रा तिथे नीट चालत नाही. २८० च्या पुढेच हवेचा विरोध झपाट्याने वाढायला लागतो आणि ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या शॉटचा पुंजका) पसरतो. मग वेग आवाक्यात ठेवायला वजन वाढवण्यावाचून उपाय नाही.

आणि ते खाली येणं? ते रोज तेवढंच असतं. एकदा अंतर कळलं की स्कोपवर क्लिक फिरवा, विषय संपला. वारा मात्र प्रत्येक शॉटला वेगळा. जे आधी माहीत असतं ते पाच सेंटीमीटर मी आनंदाने सोसेन, जे माहीत नसतं त्यातलं अर्धा सेंटीमीटर कमी होत असेल तर.

फील्ड टार्गेटमध्ये (वेगवेगळ्या अंतरांवरच्या धातूच्या लक्ष्यांवर नेम धरायची एअर रायफलची स्पर्धा) छर्रा ज्यातून जायला हवा ते सगळ्यात मोठं भोकसुद्धा ४० मिमीचं असतं. मध्यापासून कड २० मिमीवर. तुमचा अर्धा सेंटीमीटर म्हणजे त्यातला चौथा हिस्सा.

स्थिरश्वास

चौथा हिस्सा कधी? वारा अजिबात न वाचता नेम धरला तर. वारा वाचून फक्त १ मीटर प्रति सेकंदाची चूक झाली, तर दोन छर्‍यांतला फरक दोन मिलिमीटरही उरत नाही.

ऊर्जा वाढवण्याचा मुद्दा मान्य. पण मग श्रेय ऊर्जेचं आहे, वजनाचं नाही.

वारा_वाचणारा

ती ऊर्जा वापरता येते ती वजनामुळेच. दोन्ही वेगळे काढता येत नाहीत.

जुनी_स्प्रिंग

तुम्ही दोघंही पीसीपी गृहीत धरून बोलताय. माझ्याकडे स्प्रिंगची आहे, ब्रेक बॅरल (नळी वाकवून स्प्रिंग ताणायची). अशाच सल्ल्यावरून मीही १०.३४ चा डबा आणला होता. तीस मीटरवर जे पाच शॉट नाण्याखाली झाकले जायचे, ते तळहाताएवढे पसरले. आठवडाभर मी स्वतःच्या पकडीला दोष देत राहिलो. ८.४४ परत घातला आणि ग्रुप मिटला.

स्प्रिंगमध्ये पिस्टन पुढे धावत असताना रायफल हलते, आणि छर्रा तेव्हा नळीतच असतो. जड छर्रा उशिरा बाहेर पडतो, म्हणजे तेवढा वेळ ती हालचाल त्याला भोवते. शिवाय समोरचा दाब वाढला की पिस्टन उसळून मागे येतो. फार हलका छर्राही नको, कारण मग दाबाची गादी तयार होत नाही आणि पिस्टन पुढच्या टोकावर आदळतो. प्रत्येक स्प्रिंगचा एक मधला पट्टा असतो. नवशिक्यांना सरसकट "जड घ्या" सांगणारे लोक त्यांचे महिने वाया घालवतात. याची मला खरंच चीड येते.

ग्रेन_मोजणारी

मला दोन्ही बाजू चुकीच्या जागी भांडताहेत असं वाटतं. मी काट्यावर डबेच्या डबे मोजलेत. एकाच डब्यात ०.१ ग्रेनचा फरक सापडतो. ८.४४ ला तो सव्वा टक्क्याच्या आत, म्हणजे पन्नास मीटरवर उंचीत जेमतेम तीन मिलिमीटर.

आता वेगाकडे बघा. क्रोनोग्राफवर (छर्‍याचा वेग मोजणारं यंत्र) दोन शॉटमध्ये ५ मीटर प्रति सेकंदाचा फरक आला तर उंचीत सेंटीमीटरभर फरक पडतो. तुमच्या वार्‍याच्या अर्ध्या सेंटीमीटरच्या दुप्पट! आणि तो फरक येतो रेग्युलेटरमुळे (पीसीपीमध्ये दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग), नळीतल्या शिशामुळे, डोकं नळीत सैल बसल्यामुळे. ४.५० आणि ४.५२ मिमीच्या डोक्यांत माझ्या नळीने स्पष्ट निवड केली. वजन तेच होतं. दाबलेल्या स्कर्टचे छर्रे नुसत्या डोळ्यांनी निवडून बाजूला काढले, त्याचा फायदा काट्यापेक्षा जास्त झाला.

वारा_वाचणारा

डोक्याचं माप सगळ्यात आधी, यात वाद नाही. पण दोन्ही वजनं नळीला मानवली तर? तेव्हा मी जडच घेणार.

ग्रेन_मोजणारी

मानवली हे कशावरून ठरवलंत? तीस मीटरवरून नाही ना? छर्रा पुढे जाताना त्याचा वेग पटकन उतरतो, फिरकी मात्र हळू उतरते. त्यामुळे तीसवर देखणा ग्रुप देणारा छर्रा पन्नासवर गोल गोल भरकटू शकतो. लांबलचक जड छर्‍याची उलटीच अडचण होऊ शकते, नळीच्या आतल्या पिळदार खाचांनी दिलेली फिरकी त्याला सुरुवातीलाच कमी पडते. पन्नासवरच तपासा, तेही पाच शॉटवर नाही. निदान पंचवीस.

स्थिरश्वास

माझे सगळे निष्कर्ष कागदावरचे आहेत, नळीतले नाहीत, हे कबूल. दोन्ही वजनांचे, सारख्याच डोक्याच्या मापाचे डबे माझ्याकडे आहेत. वारा पडलेला असताना पंचवीस-पंचवीस आणि वारा असताना पंचवीस-पंचवीस असे मारून, प्रत्येक शॉटचा वेग लिहून इथेच टाकतो. तोवर माझं मत तेच: १६ ज्यूलवर हलका.

जुनी_स्प्रिंग

टाकताना रायफल कुठल्या प्रकारची ते पहिल्या ओळीत लिहा.