गाण्यातून गायकच गायब, कॉम्प्युटरचा आवाज अचानक बिघडलाय

कऱ्हाडकर:
नमस्कार मंडळी. घरचा डेस्कटॉप आहे, विंडोज 10, मागच्या हिरव्या जॅकला 2.1 स्पीकर लावलेत, म्हणजे दोन छोटे आणि एक वूफर. परवापर्यंत सगळं छान चालू होतं. साफसफाईला टेबल पुढे घेतलं होतं, त्यानंतर आवाज येतो पण एकदम विचित्र, तबला पेटी बऱ्यापैकी ऐकू येते पण गाणाऱ्याचा आवाज जवळजवळ नाहीच, फार तर विहिरीतून आल्यासारखा घुमतो. बातम्या लावल्या तर निवेदक काय बोलतोय कळत नाही आणि मागचं म्युझिक मात्र स्पष्ट. वूफर बंद पडल्यासारखाच. आणि सगळ्यात वाईट म्हणजे आईची बालगंधर्वांची पदं, ती व्हॉल्यूम फुल केला तरी कान लावून ऐकावी लागतात, तीच फाइल मोबाइलवर मस्त वाजतेय. ड्रायव्हर काढून परत टाकला, रिस्टार्ट केलं, काही फरक नाही. दुकानदार म्हणतोय मदरबोर्ड दाखवावा लागेल. आई रोज सकाळी ऐकते हो, प्लीज कोणीतरी सांगा.

गोदाकाठ:
साउंड सेटिंगमध्ये स्पीकरच्या प्रॉपर्टीज उघडा, तिथे एन्हान्समेंट्सचा टॅब असेल तर सगळे इफेक्ट बंद करा. रिअलटेकच्या (साउंड चिप बनवणारी कंपनी) काही ड्रायव्हरमध्ये व्हॉइस कॅन्सलेशन असतं कराओकेसाठी, ते चुकून ऑन झालं की गायक जातो.

कऱ्हाडकर:
बघितलं दादा, सगळं आधीपासूनच बंद आहे.

सोल्डरवाला:
थांबा, मदरबोर्ड कुठेही नेऊ नका. तुम्ही जे तिन्ही सांगितलंत ना, गायक नाही, वूफर नाही आणि जुनी पदं तर अगदीच नाहीत, हे एकत्र आलं की माझा पहिला संशय पिनच्या ग्राउंडवर जातो.

स्पीकरच्या पिनवर तीन भाग असतात, टोक म्हणजे डावा चॅनल, मधली रिंग म्हणजे उजवा, आणि बुडाकडचा लांब भाग ग्राउंड, तो दोघांचाही परतीचा रस्ता. तो सुटला की स्पीकरला डावा आणि उजवा असे वेगळे मिळतच नाहीत, दोघांमधला फरक तेवढा मिळतो. आता गायकाचा आवाज रेकॉर्डिंगमध्ये बहुतेक वेळा बरोबर मधोमध ठेवतात, म्हणजे दोन्हीकडे सारखाच, आणि सारख्यातून सारखं वजा केलं की काय उरणार? वाद्यं थोडी डावीकडे-उजवीकडे असतात आणि आवाजाला दिलेला रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, दोन्हीकडे वेगळा असतो म्हणून ते उरतं, तेच तुम्हाला घुमल्यासारखं ऐकू येतंय. वूफर दोन्ही चॅनलचा बेस एकत्र करून घेतो, तो आता एकमेकाच्या उलटा येतोय म्हणून खलास. आणि बालगंधर्वांची पदं 78 आरपीएमच्या तबकड्यांवरची, मोनो, डावं-उजवं एकच, त्यामुळे ती जवळजवळ पूर्ण कटतात.

खात्री करायची असेल तर सेटिंग्जमध्ये ईझ ऑफ ॲक्सेस, तिथे ऑडिओ, आणि मोनो ऑडिओ ऑन करा. एरवी मोनो केल्यावर आवाज तसाच राहतो. ग्राउंड सुटलं असेल तर नवी गाणीसुद्धा गप्प होतील. मग तीच वायर दुसऱ्या कशाला तरी लावून बघा, तिथेही तसंच झालं तर वायर किंवा पिन, तिथे नीट वाजलं तर कॉम्प्युटरचा जॅक.

कऱ्हाडकर:
अहो मोनो केल्याबरोबर सगळं गप्प! वूफरमधून बारीक गुणगुण येतेय फक्त. जुन्या मोबाइलला तीच वायर लावली तर तिथेही गायक नाही. आणि पिनच्या मुळाशी वायर जरा वाकवून धरली की एकदम सगळं परत येतं, सोडली की गेलं. आता काय करू, वायर स्पीकरच्या आतूनच आलीय, निघणारी नाही.

सोल्डरवाला:
मग वायरच तुटलीय आतून. टेबल पुढे घेताना ताण बसला असेल, पिनच्या मुळाशी वायर वाकते तिथेच तुटते. टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे न्या, जुनी पिन कापून नवी 3.5 मिमीची स्टिरिओ पिन सोल्डर करून देईल, छोटं काम आहे. तीन भागांची पिन घ्या, चार भागांची माइकवाली नको. मल्टिमीटर असेल तर लावून झाल्यावर तिन्ही तारांची कंटिन्युटी, म्हणजे तार कुठे तुटलेली नाही ना, ते वायर हलवत हलवत बघा. आणि तोपर्यंत चिकटपट्टीने वाकवून ठेवू नका, असा जोड मधेच सुटतो, व्हॉल्यूम मोठा असताना जो कडकड आवाज येतो तो स्पीकरला चांगला नाही. आईंना तोवर मोबाइलवर लावून द्या.

पिंपरीची_मेघा:
माझं वेगळं आहे पण इथेच विचारते, ब्लूटूथ हेडफोन, गाणी छान वाजतात पण मीटिंग जॉइन केली की आवाज जुन्या लँडलाइनसारखा होतो, मीटिंग संपली की परत नीट. हेडफोन बदलायला हवेत का?

गोदाकाठ:
नाही ताई, हेडफोन ठीक आहेत. गाणी ज्या मोडवर येतात तो एकतर्फी असतो. हेडफोनचा माइक चालू झाला की ते हँड्सफ्री मोडला जातात, तिथे आवाज मोनो होतो आणि सॅम्पलिंग, म्हणजे आवाजाचे दर सेकंदाला घेतलेले नमुने, फक्त 8 किंवा 16 किलोहर्ट्झ (हजार), सीडीला 44.1 असतं. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा किंवा वेबकॅमचा निवडा, हेडफोनचा नको, स्पीकर म्हणून हेडफोनच ठेवा.

पिंपरीची_मेघा:
माइक बदलला, लगेच फरक पडला. खूप खूप आभार!

सोल्डरवाला:
कऱ्हाडकर, पिन बदलून आणलीत की मोनो ऑडिओ आठवणीने ऑफ करा, नाहीतर स्टिरिओ गाणीसुद्धा डावी-उजवीकडे एकसारखीच ऐकू येतील.