रॅडिकल किंगसाठी शब्द सुचवा: जहाल की मूलगामी?

शब्दवेडी: अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेल्या मार्टिन ल्यूथर किंगवरचा एक लेख मराठीत करतेय, 'रॅडिकल' पदोपदी येतंय. मी 'जहाल' केलं तर संपादक म्हणाले अहो ते अहिंसावाले, 'पुरोगामी' करा. पण लेखाचा मुद्दाच हा की टीव्हीवाले दर जानेवारीत त्यांच्या जयंतीला १९६३ च्या मोर्चातल्या भाषणातला 'माझं एक स्वप्न आहे' हा तुकडा तेवढा दाखवतात, आणि व्हिएतनाम युद्धावर तुटून पडणारा, सगळ्यांना हमीचं उत्पन्न द्या म्हणणारा किंग गायब. 'पुरोगामी' म्हटलं की मराठीतही गायबच होणार ना.

नाना_सातारकर: मूलगामी. लॅटिन रॅडिक्स म्हणजे मूळ. जहाल आमच्याकडे मिरची असते नाहीतर विष.

पाटीपेन्सिल: नाना, मूलगामी विचार असतो, माणसाला कोण मूलगामी म्हणतं? माझे वडील रॉयवादी, म्हणजे मानवेंद्रनाथ रॉय यांना मानणारे, ते सरळ रॅडिकल म्हणायचे आणि सगळ्यांना कळायचं.

नाना_सातारकर: कळतं म्हणून उसनंच वापरायचं तर कोश कशाला काढले?

निळी_शाई: ताई जहालच ठेवा. १९०७ ला सुरतेत काँग्रेस फुटली ती जहाल-मवाळ अशीच, टिळक काय बंदूक घेऊन नव्हते फिरत. आणि किंगनी अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेलं पत्र वाचा, खरा राग गोऱ्या मवाळांवर आहे, जे नुसतं 'जरा थांबा' म्हणत बसतात. आपल्याला एक्स्ट्रिमिस्ट म्हणतात याचं आधी वाईट वाटलं, मग त्यात समाधान वाटायला लागलं, हे पण त्यातच आहे.

जर्सीची_माई: इथे मुलांच्या शाळेत किंगचा तो १९६३ चा वॉशिंग्टनचा मोर्चा शिकवतात पण तो 'नोकऱ्या आणि स्वातंत्र्यासाठी' होता यातलं नोकऱ्या कोणी उच्चारत नाही. किंग मारले गेले तेव्हा मेम्फिसला सफाई कामगारांच्या संपासाठी गेले होते, हे मला इथे येऊन कितीतरी वर्षांनी कळलं, फार राग येतो.

शब्दवेडी: माई अगदी हेच! आणि हयात असताना पेपरवाले गोड नव्हते हो. ४ एप्रिल १९६७ ला न्यूयॉर्कच्या रिव्हरसाइड चर्चमध्ये ते म्हणाले की जगात सगळ्यात जास्त हिंसा पसरवणारं माझंच सरकार आहे, तर तीन दिवसांत न्यूयॉर्क टाइम्सनी अग्रलेखात त्यांची चूक काढली, वॉशिंग्टन पोस्टनीही झोडपलं. तेव्हा झोडपून गप्प करायचं, आता हार घालून. म्हणून शब्द बोचणारा हवाय मला.

नाना_सातारकर: बोचरा हवा हे मान्य, पण जहाल अरबी आहे, जाहिलवरून.

निळी_शाई: छे, ज्वालेवरून! आमचे मास्तर तेच सांगायचे.

नाना_सातारकर: मग त्यात 'ह' कुठून आला ते सांगा आधी.